शेल्टरमध्ये व्हॉलंटियर म्हणून जायचंय, आधी काय तयारी करू?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. बँकेतून व्हीआरएस घेतली, आता वेळ हाताशी आहे. आमच्यापासून स्कूटरवर अर्ध्या तासाच्या अंतरावर गावाबाहेर एक छोटं शेल्टर आहे, जखमी भटकी कुत्री, थोडी मांजरं आणि दोन आंधळी गाढवं. जुन्या चादरी द्यायला गेले होते तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं आठवड्यातून एक सकाळ मदतीला याल का, मी लगेच हो म्हणाले आणि घरी आल्यावर एकेक शंका यायला लागल्या. आमच्याकडे बरीच वर्षं कुत्रा होता त्यामुळे भीती अशी नाही, पण घरचा एक वेगळा आणि तिथली साठ-सत्तर अनोळखी कुत्री वेगळी. रेबीजची लस आधीच घ्यायची असते की चावल्यावर? मला इंजेक्शन, ड्रेसिंग काही येत नाही तर तिथे माझा उपयोग काय? घरी एक मांजर आहे, माझ्या कपड्यांवरून तिला काही होईल का? भाची दहावीत आहे, ती पण मागे लागलीये, नेऊ का? आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे मला ते सगळं बघवेल का. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

रानजाई:
ताई, जा, नक्की जा. मी पण पुण्यातलीच, गेली काही वर्षं रविवारची सकाळ शेल्टरलाच असते. उपयोग काय असं विचारलंत ना, तर शेल्टरमधलं बहुतेक काम हे सफाईचं असतं आणि त्याला इंजेक्शन यावं लागत नाही. सकाळी रात्रभराची घाण खराट्याने आणि सुपलीने काढायची, मग साबणाच्या पाण्याने लादी घासायची, मग ब्लीच मारून थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग धुवून वायपरने कोरडं करायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर जातो, आणि पार्व्होचा (कुत्र्यांना उलट्या-जुलाबाने मारणारा आजार) व्हायरस इतका चिवट असतो की तो फरशीत मातीत महिनोन्महिने टिकतो, हाताला लावायच्या सॅनिटायझरने तर तो मरतच नाही. पिल्लांचं अख्खं वेत चार दिवसांत जातं हो पार्व्होने. त्यामुळे लादी नीट घासणारा माणूस तिथे डॉक्टरइतकाच जीव वाचवत असतो हे मी अगदी मनापासून सांगते.

त्यानंतर भांडी, चादरी-गोणपाटं धुणं (गोणपाट उन्हात टाकायचंच, गोचीड लपतात त्यात), कणीचा भात टाकणं, त्यात कोंबडीचे पाय-मुंड्या, भोपळा. कांदा-लसूण अजिबात नाही, घरचं उरलेलं मसाल्याचं तर आणूच नका. बिस्किटांचे पुडे पण नकोत, लोक प्रेमाने आणतात पण नुसता मैदा आणि साखर जाते पोटात.

पण खरं काम मला विचाराल तर घाबरलेल्या कुत्र्यांसोबत बसणं. ॲक्सिडेंट झालेली किंवा माणसाने मारलेली कुत्री कोपऱ्यात भिंतीला तोंड करून बसतात, जेवण सुद्धा माणूस गेल्यावरच खातात. त्यांच्याजवळ जायचं नाही, हात पुढे करायचा नाही, डोळ्यात बघायचं नाही. केनेलमध्ये (म्हणजे कुत्र्याच्या जाळीच्या खोलीत) थोडं लांब, त्यांच्याकडे बाजू करून खाली बसायचं आणि आपला पेपर मोठ्याने वाचायचा नाहीतर मटार सोलत बसायचं. मध्येच चिकनचा तुकडा न बघता बाजूला टाकायचा. बस, एवढंच. काही आठवडे काहीच होत नाही असं वाटतं आणि मग एक दिवस ते कुत्रं स्वतःहून येऊन तुमच्या चपलेचा वास घेतं. हे पगारी कामगाराला जमत नाही कारण त्याला सत्तर कुत्र्यांचं खाणंपिणं उरकायचं असतं. आणि याच्यावर त्या कुत्र्याचं घर ठरतं, बघायला आलेली फॅमिली कोपऱ्यात थरथरणारं कुत्रं नेत नाही, पुढे येऊन वास घेणारं नेते. तुमच्यासारखी निवांत वेळ असलेली, आरडाओरडा न करणारी व्यक्ती यासाठी सोन्यासारखी आहे.

मात्र वार ठरवा आणि तो पाळा. उत्साहात पंधरा दिवस रोज येऊन गायब होणारे खूप असतात, त्यांच्याभोवती कामाची आखणी करता येत नाही आणि कुत्री वाट बघत राहतात ते वेगळंच. दर आठवड्याला तोच माणूस आला की त्याला फरक कळतो, ही मागच्या वेळी टुणटुण उड्या मारत होती आज उठली नाही, याने वाटी तशीच ठेवलीये, याचा मागचा पाय जड पडतोय. हे डॉक्टरला सांगणारं कोणीतरी लागतं.

गुरांचा_डॉक्टर:
मी सातारा जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. लसीचं नीट लिहितो कारण यात गोंधळ फार असतो.

ताई, रेबीजची लस आधीच घ्या, शेल्टरला पाय ठेवण्याआधी. याला प्री-एक्स्पोजर म्हणतात, तीन डोस, पहिला ज्या दिवशी घ्याल तो दिवस शून्य, मग ७ वा दिवस आणि मग २१ वा किंवा २८ वा. दंडात घेतात, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. याचा फायदा असा की पुढे कधी चावलं तर फक्त दोन डोस पुरतात, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागत नाही. आधी लस नसेल तर पूर्ण कोर्स आणि खोल जखम असेल तर इम्युनोग्लोब्युलिन पण, जे लहान गावात वेळेवर मिळेलच असं नाही. महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात चावल्यानंतरची लस मोफत असते, आधीची मात्र बहुतेकांना खाजगीत विकत घ्यावी लागते, तेवढा खर्च करा. धनुर्वाताचं इंजेक्शन पण अपडेट आहे का बघा. बीपी-शुगरच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि तीन डोस झाले म्हणजे चावलं तरी चालतं असा अर्थ काढू नका. चावलं, ओरखडा निघाला, जखमेवर लाळ लागली तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि मग त्याच दिवशी डॉक्टर. चुना, मिरची, हळद, कॉफी काही भरायचं नाही. पिल्लू होतं म्हणून सोडून द्यायचं नाही, पिल्लांना पण रेबीज होतो. लक्षणं दिसायला लागल्यावर हा आजार जवळपास कोणालाच सोडत नाही, म्हणून इतकं बजावतोय.

पावसाळ्यात गमबूट घाला. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो, पायाला भेग किंवा जखम असेल तर तिथून आत जातो. लूत लागलेल्या कुत्र्याला हातमोजे घालूनच हात लावायचा, एका प्रकारच्या लुतीने माणसाला पण खाज येते. मांजरीच्या पिल्लांकडून गजकर्ण होतं. हे सगळं बरं होतं, घाबरू नका, फक्त अंगावर काढू नका.

अजून एक, कामाला लागण्याआधी शेल्टर डोळे उघडे ठेवून बघा. आजारी आणि धडधाकट वेगळे ठेवलेत का, नव्याने आलेल्या जनावराला काही दिवस बाजूला ठेवतात का, डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतो का, प्रत्येकाचं केसपेपर आहे का, नर-मादी एकत्र सोडून तिथेच वेतं होतायत का, कुत्री दिवसभर साखळीलाच आहेत का. मन चांगलं असतं पण जागेपेक्षा जास्त जनावरं घेत जातात आणि मग सगळ्यांचेच हाल होतात अशा जागा मी बघितल्यात. तिथे गेलात तरी मदत करा, पण नवीन घेणं थांबवा असं स्पष्ट सांगा.

लालबागकर:
मुंबईचं कोणी वाचत असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल विसरू नका. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स असलं तरी आमच्याकडे टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगायचं, कारण बांधलं तेव्हा मुंबई बैलगाड्या आणि घोडागाड्यांवर चालायची. ते चालवणारी बॉम्बे एसपीसीए, म्हणजे प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था, १८७४ ची. त्याच्याही आधी, १८३२ मध्ये, इंग्रजांच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले होते, दंगल झाली होती, आणि दोन वर्षांनी भुलेश्वरचं पांजरपोळ उभं राहिलं त्यात जमशेटजी जीजीभॉयांचा मोठा वाटा. मला याचा फार अभिमान वाटतो म्हणून लिहिलं, आपल्या शहरात हे काम जुनं आहे, बाहेरून आलेली फॅशन नाही.

ताईंना एक सुचवतो, तुम्ही बँकेत होतात ना, मग त्यांना हिशोबात मदत करा. छोट्या ट्रस्टचं सगळ्यात मोठं दुखणं कागद असतं. पावत्या, देणगीदारांच्या करसवलतीचं ८०जी, ऑडिटला द्यायच्या फाइली, औषधवाल्याची उधारी. मी माझ्या ओळखीच्या शेल्टरचं फक्त औषधाचं स्टॉक रजिस्टर सांभाळतो, कुठली लस कधी एक्स्पायर होते, फ्रीज चालू आहे ना, किती सलाइन उरले. लाइट गेल्यावर फ्रीजमधल्या लसी वाया जाऊ नयेत म्हणून बर्फाचे पॅक तयार ठेवणं हे पण व्हॉलंटियरचंच काम आहे.

बाणेरकर:
थोडं वेगळं मत मांडतो, कोणाचं मन दुखवायचा हेतू नाही. शेल्टरमध्ये जाणं चांगलंच, पण भटक्या कुत्र्यांसाठी शेल्टर हा मुक्कामाचा पत्ता असूच नये. एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) नियम २०२३ प्रमाणे कुत्रं उचलायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. कानाला कट दिसला की समजायचं झालेली आहे. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीच्या प्रकरणात तेच परत सांगितलं, रेबीज झालेली किंवा संशय असलेली आणि हल्ला करणारी वगळून. मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारातली कुत्री उचलून परत तिथे सोडू नका, शेल्टरला ठेवा असा आदेश आला. आता एवढी कुत्री ठेवायची कुठे? आहेत ती शेल्टर आधीच भरलेली. म्हणून माझं म्हणणं, आठवड्याचा एक दिवस शेल्टरला द्या पण त्याच्याबरोबर आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची यादी करा, किती माद्या, कोणाचे कान कट आहेत, कोण गाभण दिसतेय, आणि महापालिकेच्या मागे लागून त्यांची नसबंदी करून घ्या. मादीचं गाभणपण जेमतेम ६३ दिवसांचं, म्हणजे नुसतं बघू बघू करेपर्यंत पुढची पिल्लं रस्त्यावर. ज्यांना कुत्र्यांची खरंच भीती वाटते, ज्यांच्या मुलांना चावलंय, त्यांच्या बाजूने पण हाच उपाय आहे.

रानजाई:
बाणेरकर, पूर्ण सहमत. आमच्याकडे नसबंदीनंतर चार-पाच दिवस कुत्री थांबतात, टाके सुकेपर्यंत, आणि तेव्हाच हात कमी पडतात. कोणी टाके चाटतंय का, कोणाला सूज आहे का बघायला माणूस लागतो. परत सोडताना बरोबर तोच खांब, तीच टपरी बघून सोडावं लागतं, दुसऱ्या गल्लीत सोडलं तर तिथली कुत्री फाडून खातात. तेव्हा गाडीत बसून पत्ता दाखवणारा व्हॉलंटियर पण हवा असतो.

गुरांचा_डॉक्टर:
यात लसीकरण शिबिरं पण धरा. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाळ्या घेऊन कुत्री टोचली, २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस झाली की साखळी तुटते. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनाच्या आसपास बऱ्याच ठिकाणी कॅम्प असतात, तिथे गल्लीतल्या कुत्र्यांना नावाने हाक मारून बोलावणाऱ्या फीडर (त्यांना रोज खायला घालणाऱ्या) लोकांची आम्हाला अतोनात मदत होते. अनोळखी माणसाला जे कुत्रं तासभर पळवतं ते त्यांच्या हाकेला दोन मिनिटात येतं.

पेठेतली_माऊ:
घरच्या मांजराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मांजरांचा पार्व्होसारखाच आजार असतो, पॅनल्यूकोपेनिया, तो बुटाला कपड्याला लागून घरी येऊ शकतो, मांजर घराबाहेर पडत नसलं तरी. म्हणून आधी तुमच्या मांजराची कंबाइन लस पूर्ण आहे ना बघा, बूस्टर राहिला असेल तर तो झाल्यावरच जायला लागा. शेल्टरचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवा, चपला दाराबाहेरच, कपडे थेट मशीनमध्ये, आंघोळ, मग मांजराला घ्यायचं. आणि शेल्टरमध्ये फिरताना आधी निरोगी पिल्लं, मग मोठी, आजारी सगळ्यात शेवटी, उलट कधीच नाही.

मांजरांच्या खोलीत काळं-पांढरं फिनेल वापरू देऊ नका. मांजरं पाय चाटतात आणि फिनॉल त्यांना पचत नाही, लिव्हर जातं. शेल्टरला मिळालेल्या देणग्यांत फिनेलचे कॅनच्या कॅन असतात त्यामुळे हमखास वापरलं जातं. तसंच क्रोसिन. मांजर गरम लागतंय म्हणून कोणीतरी अर्धी गोळी देतं आणि ते मांजर वाचत नाही. जीव तुटतो हो असं बघून, कारण देणाऱ्याने मायेनेच दिलेलं असतं.

पिल्लांच्या सीझनला फॉस्टरिंगचा, म्हणजे पिल्लं काही दिवस घरी आणून सांभाळण्याचा, विचार करा जमलं तर. आई नसलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्री पण, शेल्टरमध्ये हे कोण करणार. गाईचं दूध नाही, जुलाब होतात, मांजरांची वेगळी दूध पावडर मिळते. पिल्लू गार पडलेलं असेल तर आधी ऊब द्यायची मगच पाजायचं, पोटावर झोपवून, बाळासारखं उताणं धरून नाही. पण तुमच्या घरच्या मांजरापासून वेगळी खोली असेल तरच, नाहीतर नको.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे किती आभार मानू. उद्याच लसीचं विचारते, आणि मांजराचा बूस्टर राहिलाय हे लस कार्ड बघितल्यावर लक्षात आलं म्हणजे ते आधी. हिशोबाचं काम आवडेल मला, पण लालबागकर, मला नुसतं टेबलावर बसायचं नाहीये, ते घाबरलेल्या कुत्र्यांजवळ बसायचं रानजाईंनी लिहिलंय ते डोक्यातून जात नाहीये. दोन गोष्टी राहिल्या, भाचीचं काय, आणि बघवेल का याचं कोणी सांगितलं नाही. तिथे एक मागचे पाय गेलेलं पिल्लू होतं, त्याच्याकडे बघून तेव्हाच डोळे भरून आले होते.

रानजाई:
ताई, रडू येतं. मला आजही येतं आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. पण मागचे पाय गेलेली कुत्री बघून आपल्याला जेवढं वाईट वाटतं तेवढी ती स्वतः उदास नसतात, चाकाच्या गाडीत बसवलं की अशी सुसाट सुटतात की आवरत नाहीत, तुम्ही त्याच पिल्लापासून सुरुवात करा. खरं जड जातं ते किडे पडलेल्या जखमा आणि पार्व्होचा वॉर्ड. पहिले काही महिने तिकडे पाठवू नका असं सरळ सांगा, कोणी काही म्हणत नाही. डॉक्टर कधी कधी ठरवतात की आता याला यातनेतून सोडवायचं, आणि त्याला जवळ घेऊन बसायला कोणी ओळखीचं हवं असतं. ते तुम्ही कराल की नाही हे आत्ता ठरवायची गरज नाही, कोणी लादणार पण नाही.

पहिल्या दिवसाचं थोडं सांगते. केनेलला दोन दारं असतात, एक लागल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं नसतं, ताठ उंच शेपूट आणि अंग कडक असेल तर थांबा. जांभया, ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्यांचं पांढरं दिसणं म्हणजे ते म्हणतंय जरा लांब हो. डोक्यावरून हात न्यायचा नाही, छातीला खालून खाजवायचं. खाताना हात लावायचा नाही. भांडण लागलं तर मध्ये हात घालायचा नाही, बादलीभर पाणी टाकायचं आणि स्टाफला हाक. ओढणी नको, कानात लोंबतं काही नको, फुल पँट आणि बंद बूट. फोटो टाका पण शेल्टरचा पत्ता आणि लोकेशन टाकू नका, लोक रात्री खोक्यात पिल्लं भरून गेटवर टाकून जातात, हे फार होतं.

भाचीचं त्यांना विचारा, बऱ्याच ठिकाणी अठराच्या आतल्यांना कुत्री हाताळू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण दहावीच्या मुलीला करता येण्यासारखं खूप आहे. अडॉप्शनच्या पोस्ट मराठीत लिहायला सांगा तिला, बहुतेक पोस्ट इंग्रजीत असतात आणि आपल्या गावठी कुत्र्यांना खरी घरं मिळतात ती वाडीवस्तीवर, शेतावर, चाळीत, तिथे इंग्रजी कोण वाचतंय. स्वभाव लिहायचा, लहान मुलांबरोबर कसा राहतो, मांजर चालतं का, नसबंदी आणि लस झालीये का. काळ्या कुत्र्यांचे फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात काढायचे नाहीतर चेहरा दिसत नाही आणि ती मागे राहतात. रेबीजचे तीन डोस तिला पण द्या आणि आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या. वार कुठला ठरतोय ते कळवा, तुमच्या मापाचे गमबूट मंडईजवळ स्वस्तात मिळतील.